‘नाय’ म्हणणारी मुलगी

आई आमच्याकडे पनवेलजवळ करंजाड्याला राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर तांदळाची एक गोणी, पाटा-वरवंटा आणि माझ्या वडिलांचा फोटो एवढंच सामान होतं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी आमचं गाव उठलं होतं. उलव्याकडे मिळालेल्या जागेवर भाऊ नवं घर बांधत होता. ते उभं राहीपर्यंत आईने माझ्याकडे राहावं असं ठरलं. ते घर तिने पाहिलं नाही. चौदा महिने ती माझ्याकडे होती आणि माझ्याकडूनच गेली.

आम्ही आगरी. आमच्या घरात ‘मला’ला ‘मना’ म्हणतात, ‘नाही’ला ‘नाय’, ‘इकडे’ला ‘इकरं’. ळ आमच्या जिभेवर टिकत नाही, त्याचा ल होतो, आणि कधी ‘ड’चा ‘र’. हे मी आता सहज लिहिते आहे. पण लग्नानंतर कितीतरी वर्षं माझ्या नवऱ्यालासुद्धा मी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. तो डोंबिवलीत, शुद्ध बोलणाऱ्या घरात वाढलेला. मी आईशी फोनवर बोलत असले तरी माझी बाजू शुद्ध असायची आणि तिची आगरी. ती तिच्या भाषेत विचारायची, मी माझ्या भाषेत उत्तर द्यायचे. दोघींनाही त्याची सवय झाली होती.

आई येऊन आठवडाही झाला नव्हता. जेवताना माझी पाच वर्षांची मुलगी म्हणाली, “मना भाजी नको.”

“मला,” मी म्हटलं.

“मना,” ती पुन्हा म्हणाली आणि आजीकडे बघून हसली.

मी आईकडे वळले. “आई, तिच्यासमोर जरा नीट बोलत जा ना. शाळेत मुलं हसतात मग.”

आईचा घास हातातच राहिला. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, रागाने नाही, एखाद्याला ताप आहे का हे बघावं तसं. मग म्हणाली, “बरं.”

त्यानंतर आई कमी बोलायला लागली. जे बोलायची ते जपून, निवडून. “चहा ठेवू का?” “पोरगी झोपली आहे.” ‘आहे’ म्हणताना ती किंचित थांबायची, ओल्या फरशीवर पाऊल टाकताना माणूस थांबतो तशी. मला वाटलं, फ्लॅटमध्ये रुळते आहे. शेजारच्या बाई म्हणायच्या, “तुमच्या आई किती शांत आहेत हो.” मला ते कौतुक वाटायचं.

मग तिची किडनी बिघडली. दहा दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. मी रजा काढून तिच्याजवळ बसून असायचे. नर्स विचारायची, “आजी, कसं वाटतंय?” आई म्हणायची, “बरं आहे.” शेवटच्या संध्याकाळी तिने मला विचारलं, “तू जेवण केलं आहेस का?” असं पुस्तकातल्यासारखं वाक्य कुणाची आई बोलते? मला तेव्हा ते जाणवलंही नाही. मी “हो” म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

मी रडले नाही. फोन केले, रुग्णालयाचे कागद केले, दहाव्याला कोणाला काय लागेल ते पाहिलं. गावाकडच्या बायका एकमेकींच्या कानाला लागत होत्या हे मला दिसत होतं. माझंही मला कळत नव्हतं. रडू येईल म्हणून मी एकदा मुद्दाम तिचं लुगडं घेऊन बसले. लुगड्याला वॉशिंग पावडरचा वास येत होता. मीच मशीनला लावलं होतं ते.

सात महिन्यांनी, एका शनिवारी दुपारी, मुलगी बाल्कनीत तिच्या बाहुलीशी खेळत होती. मी वाळलेले कपडे काढायला गेले आणि मला ऐकू आलं, “का गो बाय, रुसलीस? इकरं ये. निवट्यांचं कालवन पायजे?”

तो आवाज माझ्या मुलीचा होता, पण लय आईची होती. ‘बाय’वरचा तो हलकासा झोकासुद्धा. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे. माझ्या मुलीने ते आयुष्यात पाहिलेही नाहीत.

माझ्या घशात एकदम काहीतरी चढलं. मी तिचा दंड धरला. “असं बोलायचं नाही! किती वेळा सांगितलं?” आणि माझा हात उठला. त्याआधी मी तिला कधी मारलं नव्हतं.

ती रडली नाही. वॉशिंग मशीनला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “आजी आणि मी असंच बोलायचो. तू ऑफिसला गेलीस की. तुला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं.”

मी तिथेच खाली बसले. म्हणजे शांत झालेली आई फक्त माझ्यासमोर शांत होती. रोज दुपारी मुलगी शाळेतून आली की माझ्या स्वयंपाकघरात त्या दोघींची भाषा चालायची आणि माझ्या लॅचचा आवाज आला की थांबायची. मला तो बंद दरवाजा उघडून आत जावंसं वाटलं. आई असतानाच्या एखाद्या दुपारी. गुपचूप चपला काढून, नुसतं ऐकायला.

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने मला समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. जुन्या पनवेलमध्ये, तलावाजवळच्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर. खाली दाताचा दवाखाना होता आणि त्याच्या यंत्राचा बारीक आवाज वर यायचा. बाई पन्नाशीच्या, सुती साडी नेसणाऱ्या. त्यांनी वही उघडली नाही. मी सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “ज्या हाताने मुलीला मारलं तो तुमचाच. पण मारलं तुमच्यातल्या एका भागाने. आपल्यात असे बरेच भाग असतात. प्रत्येकाचं काहीतरी काम असतं, आणि ते काम त्याने कधीतरी तुम्हाला वाचवायला अंगावर घेतलेलं असतं. आपण त्याच्याशी बोलून बघायचं?”

मला हसू आलं. “आमच्या गावात एखाद्या बाईच्या अंगात आलं की म्हाताऱ्या समोर बसून विचारायच्या, ‘कोन हायस तू? काय पायजे तुला?’ तसंच ना?”

त्याही हसल्या. “प्रश्न तेच आहेत. फक्त मी नारळ मागत नाही. आणि इथे बाहेरून कोणी आलेलं नसतं, सगळे तुमचेच असतात.”

त्यांनी डोळे मिटायला सांगितले. बाल्कनीतला तो क्षण आठवायला सांगितला. अंगात कुठे काय होतंय ते बघा म्हणाल्या.

“घशात,” मी म्हटलं. “कोणीतरी अंगठा दाबून धरलाय.”

“त्या दाबणाऱ्याबद्दल आत्ता काय वाटतं?”

“राग येतो. त्याच्यामुळे माझी आई गप्प झाली.”

“मग रागावलेला हा दुसरा भाग झाला. त्याला सांगा, तुझं ऐकू, पण थोडा बाजूला बस. बसतो का बघा.”

गंमत म्हणून मी सांगून पाहिलं. थोड्या वेळाने राग खरंच बाजूला सरकला आणि मला एक मुलगी दिसली. चौदाएक वर्षांची. इस्त्री केलेला गणवेश, ताणून बांधलेल्या दोन वेण्या. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. कोण कधी चुकतंय ते. ती मीच होते, वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते त्या वर्षीची.

“तिला विचारा,” बाई म्हणाल्या, “हे काम सोडलं तर काय होईल अशी तिला भीती वाटते?”

उत्तर मला शोधावं लागलं नाही. “हसतील.”

“कोणाला?”

“तिला.” आणि त्या चौदा वर्षांच्या मुलीने पाठीमागे कोणालातरी झाकून धरलं होतं हे मला तेव्हा दिसलं. त्या दिवशी मी तिच्या मागे बघितलं नाही. वेळ संपली होती.

पाचवीत मी गावातल्या शाळेतून पनवेलच्या शाळेत आले. पहिल्याच महिन्यात शाळेचा एक दिवस बुडाला, कारण बाबांबरोबर खाडीवर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला गेले होते. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या बाईंनी उभं करून विचारलं, काल कुठे होतीस. मी म्हटलं, “बाई, काल मी सालंत नवती.” शाळेला आम्ही साला म्हणतो. सगळा वर्ग हसायला लागला. मागच्या बाकावरून कोणीतरी “साला, साला” म्हणून बाक वाजवला. बाईसुद्धा हसल्या, वाईट नव्हत्या त्या, त्यांना आवरलं नाही. “शाळा म्हण,” त्या म्हणाल्या. मी म्हणून पाहिलं. सालाच आलं. पाच वेळा म्हणायला लावलं, पाचही वेळा सालाच आलं, आणि मग त्यांनी मला दाराशी उभं केलं, हसू थांबेपर्यंत.

घरी जाऊन मी आईला एवढंच म्हटलं, “तू सालंत येव नको.” का ते सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. दहावीपर्यंत ती माझ्या शाळेच्या फाटकात आली नाही.

दुसऱ्या खेपेला समुपदेशक बाईंनी त्या वेणीवालीला विचारायला सांगितलं, तुला माझं वय किती वाटतं? ती म्हणाली, चौदा. तिला खरंच माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं की मी एक्केचाळीस वर्षांची आहे, बेलापूरला नोकरी करते, मला मुलगी आहे. तिचा विश्वास बसेना. मी म्हटलं, आमच्या ऑफिसात साहेब रोज काहीतरी चुकीचं बोलतात आणि त्यांना कोणी दाराशी उभं करत नाही. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे न बघता डोळ्यांकडे बघू लागली. मी तिला म्हटलं, तू इतकी वर्षं सांभाळलंस, आता जरा मला तिला भेटू दे. ती बाजूला झाली.

मागे वर्गाचं दार होतं आणि दाराशी ती, पाचवीतली. पाठमोरी. बाहेर व्हरांड्याकडे बघत होती.

मी म्हटलं, “इकडे ये.” ती वळली नाही. मी म्हटलं, “घाबरू नकोस, मी आहे ना.” काही नाही.

“ती कशाची वाट बघते आहे का?” बाईंनी विचारलं.

मग ते माझ्या कानात आलं, अगदी स्पष्ट, “आय कवा येनार?”

मी डोळे उघडले. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना ते वाक्य सांगितलं.

“तिला माहीत नाही?”

“नाही. तिला कसं माहीत असेल.”

“तुम्ही सांगाल तिला? घाई नाही.”

मी पुन्हा डोळे मिटले आणि म्हटलं, “बाळा, तुझी आई गेली.” माझेच शब्द मला हॉस्पिटलमधल्या माणसाच्या बोलण्यासारखे ऐकू आले. दाराशी उभी असलेली ती तशीच उभी राहिली, जणू कोणी दुसऱ्याच मुलीशी बोलतंय.

“तिला माझं बोलणं परकं वाटतंय,” मी म्हटलं.

“मग तिच्या बोलीत सांगा.”

“मला येत नाही,” मी म्हटलं, आणि म्हटल्यावर घाबरले. ते खरं होतं. शब्द सगळे माहीत होते, कानाला ओळखू येत होते. पण सत्तावीस वर्षांत तोंडातून स्वतःचं असं एकही वाक्य निघालं नव्हतं आणि आता तोंड उघडत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी चिरनेरला गेले. माझी सख्खी मावशी, आईच्या पाठची, तिथे दिलेली आहे. आईच्या दिवसांनंतर मी तिच्याकडे गेले नव्हते. मला दारात बघून ती लगबगीने उठली, खुर्चीवरची चादर झटकली आणि म्हणाली, “ये, बस. पाणी आणते तुला.” मग, “मिस्टरांची तब्येत कशी आहे?” मी विचारलं, तुझा गुडघा दुखतो का अजून, तर म्हणाली, “नाही, आता बरा आहे.”

नाही म्हणाली ती. माझ्या सख्ख्या मावशीने मला नाही म्हटलं.

तेवढ्यात दारावरून जाणाऱ्या एका बाईने तिला काहीतरी विचारलं. मावशी तिथूनच ओरडली, “आगो नाय गो, उद्या जायाचा हाय!” आणि परत माझ्याकडे वळून हळू आवाजात, “घे ना, बिस्कीट घे.” मी हातात बशी धरून बसले होते. त्या ओरडण्यात मला कोणीतरी घ्यावं असं फार वाटलं.

“मावशी,” मी म्हटलं, “मला... मना तुझ्याशी आपल्या बोलीत बोलायचं हाय.”

मावशी बघतच राहिली. आणि मग हसली. पदर तोंडाला लावून, सगळं अंग हलवून हसली. माझ्या घशात ती वेणीवाली ताडकन उठून उभी राहिली. मी मनातल्या मनात तिला म्हटलं, बस गं, मावशी आहे ती. ती बसली.

मावशीने डोळे पुसले. “‘बोलीत’ काय गो? ‘आपल्यात बोलाचा हाय’ बोल.”

“आपल्यात बोलाचा हाय.”

“हा. आता कसा!” आणि तिने माझ्या हातातली बशी काढून घेतली. “ये, चुलीकडं बस. खुर्चीवर काय बसलीस पावन्यासारखी.”

आत बसून ती तांदूळ निवडत होती आणि मी अडखळत बोलत होते. दर दुसऱ्या वाक्याला ती मला दुरुस्त करायची. मग मी तिला विचारलं, ते मात्र शुद्धच आलं, दुसरं काही जमलं नाही. “आई माझ्यावर रागावली होती का?”

मावशीने सुपातले दोन खडे काढून बाजूला ठेवले. “रागावली नाय. पन रडली. तुज्याकडं आली त्याच आठवड्यात, मना फोन करून रडली. मंग परत नाय रडली. बोलली, पोरीला लानपनी सालंत हसली व्हती पोरं, ती अजून भितं. तिला सांगाला पायजे भिऊ नको म्हनून. पन सांगू कसा, मी तोंड उघारला का ती जास्तीच भितं.”

“तिला माहीत होतं? मी तर कधीच सांगितलं नाही.”

“आख्ख्या गावाला म्हाईत व्हता,” मावशी म्हणाली. “तुज्या वर्गात आपल्या गावची दुसरी पोरं नवती का?”

तीस वर्षं मी जे झाकून ठेवलं होतं ते झाकलेलंच नव्हतं. आईला सगळं माहीत होतं आणि तरी ती म्हणाली होती, बरं. मला त्या क्षणी फक्त एकच हवं होतं, फोन उचलून तिला सांगावं की मना म्हाईत नवता गो, आय. नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे.

त्यानंतरच्या बैठकीत चौदा वर्षांची मुलगी आपणहून बाजूला झाली. पाचवीतली तशीच दाराशी होती. मी तिच्या मागे जाऊन उकिडवी बसले, तिच्या उंचीला आले. मी मोठ्याने म्हटलं, त्या खोलीत, एका परक्या बाईसमोर, “बाय, आय आता येनार नाय. आय गेली.”

ती वळली. वाऱ्याने सुटलेले केस, फ्रॉकच्या कडेला खाडीचा सुकलेला चिखल. तिने विचारलं, “मना सोरून?”

“हा,” मी म्हटलं. “मना पन.”

आणि मग मला रडू आलं, आठ महिन्यांचं. खाली दाताचं यंत्र चालू होतं, जिन्यात कोणाच्या तरी पायांचा आवाज येत होता आणि मी तोंड उघडं टाकून रडत होते, गावातल्या बायका रडतात तसं, “आय गो, आय गो” करत. बाईंनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

त्याला आता वर्ष होत आलं. वेणीवाली गेली नाही, आणि तिने जावं असं मलाही वाटत नाही. गेल्या महिन्यात पालकसभेत मुलगी बाईंना “नाय” म्हणाली तेव्हा माझ्या घशात अंगठा आलाच. पण मी तिथे होते, हात मांडीवर होता आणि मी गप्प बसू शकले. बाल्कनीतल्या त्या शनिवारची माफी मी मुलीजवळ मागितली. तिने ती लगेच दिली. आजीचे शब्द मात्र ती मला लगेच देत नाही. मी कधी विचारते, आजी आणखी काय म्हणायची? मनात असलं तर एखादा सांगते. एरवी म्हणते, “ते आजीचं आणि माझं आहे.” मी जास्त विचारत नाही. तो तिचा हक्क आहे. पण ती झोपली की तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघताना वाटतं, तिथे आत माझ्या आईच्या चौदा महिन्यांच्या दुपारी आहेत आणि मला त्यातल्या चार-सहाच मिळणार.

आम्ही दोघी अधूनमधून चिरनेरला जातो. मावशीला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागतं आणि माझी मोडकीतोडकी आगरी शेजारपाजारच्या चार घरांना ऐकू जाते. कोणीतरी हसतं. हसू दे. जेवणं झाली की मुलगी आणि मावशी पडवीत गप्पा मारत बसतात आणि मी आत वालाचं बिरडं सोलत असते. आई आणि मावशी बहिणी, आवाज सारखेच. बाहेरून मावशी म्हणते, “काय गो बाय, जेवलीस का पोटभर?” ती मुलीला विचारत असते, हे मला माहीत असतं. मी मान खाली घालून सोलत राहते आणि हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणते, “हा, आय. जेवली.”